हाक मारणारी मी, पुसणारी तू

कुंदे,

शोकसभेत तुला ‘शांत, मितभाषी आणि सगळ्यांना सांभाळून घेणारी’ म्हणाले. मी पहिल्या रांगेत बसले होते. पदरात तोंड लपवावं लागलं मला. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मी हसत होते गं. मितभाषी! सर्व्हरच्या खोलीत कूलरच्या आवाजावर आवाज चढवून भांडणारी बाई मितभाषी! हसता हसता रडू कधी आलं ते मलाच कळलं नाही. म्हणजे त्या बाईंचा हात वाया गेला नाही.

मग कुणीतरी माइक माझ्या हातात दिला. “मंगलाताई, दोन शब्द बोला.” मी उभी राहिले आणि शाळेतल्या पोरीसारखी गप्प झाले. तुझ्या फोटोकडे पाहिलं तर तू गालात हसत होतीस. ‘आता बोल ना वं मंगले, आता काहून बसली तुई बोलती?’ म्हणून आता लिहिते. तुझे गुण सांगायला इतर लोक आहेत. मी आपलं भांडण सांगते, कारण ते अजून मिटलेलं नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना थोडं सांगावं लागेल. तू तोवर चहा पी.

त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात कापसाला भाव नव्हता आणि विजेला वेळ नव्हती. आपली संस्था कापूस उत्पादकांची. तिनं तालुक्या-तालुक्यांत सल्ला केंद्रं उघडली होती. प्रत्येक केंद्रात टेबलाखाली एक सर्व्हर, वर एक पडदा, बाजूला प्रिंटर. तुडतुडे आले तर काय करायचं, पिठ्या ढेकणाला कुठलं औषध, कुठली दोन औषधं एकत्र मिसळायची नाहीत, हे सगळं यवतमाळच्या कचेरीतून जायचं आणि गावात कागदावर निघायचं. गावाकडे फवारणीबद्दल सांगणारे दोघंच होते, औषधाचा दुकानदार आणि आपलं केंद्र. दुकानदाराला विकायचं असे. आपल्याला काही विकायचं नव्हतं. आपली तेवढीच पत होती.

आणि ती पत केळापूरला गेली होती. तिथल्या सर्व्हरची मांडणी कुणी, कधी बदलली देव जाणे. तो कचेरीकडे न पाहता स्वतःच्याच पोटातलं जुनं वाचत होता. एक गृहस्थ पाठीला पंप लावून शेताकडे निघाला, आणि त्याच्या बायकोनं हातातल्या कागदावरचं साल वाचलं. सल्ला मागच्या हंगामाचा. तीच बाई दुपारच्या बसनं यवतमाळला आली, तो कागद आपल्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “तुमचं यंत्रबी जुनं-पुरानं सांगते, तं मंग दुकानदार काय वाईट हाय? तो निदान खुर्ची तं देते बसाले.”

तू उठून तिला तुझी खुर्ची दिलीस. मी तिला समजावून सांगायला लागले की तांत्रिक अडचणी असतात. आठवतंय? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाजारात कुजक्या वांग्याकडे पाहतात.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष भाऊसाहेबांनी सांगितलं, पुढच्या हंगामातल्या पहिल्या फवारणीच्या आत सगळी केंद्रं एकच बोलली पाहिजेत, नाहीतर कुलूप. आपण दोघी, जीप एक, आणि तिचा क्लच सदैव आजारी. प्रत्येक केंद्रावर जाऊन हातानं मशीन नीट करणं शक्यच नव्हतं. एके ठिकाणी नीट करून पुढे जावं तर मागे कुणीतरी पुन्हा काहीतरी हलवलेलं. सगळे सर्व्हर एकाच वळणावर ठेवणारं सॉफ्टवेअर निवडायचं होतं. कुठल्या मशीनवर काय असावं, काय नसावं, हे एका जागी लिहायचं आणि बाकीच्यांनी ते पाळायचं. निवडीच्या कागदावर सही माझी लागणार होती, कारण मी विभागप्रमुख.

काय ती विभागप्रमुख! कलफ केलेली सुती साडी, गळ्यात साखळीला टांगलेला चष्मा आणि नागपूरच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र काचेत मढवून भिंतीवर. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कचेरीतली नोकरी, त्यामुळे हुकूम सोडणं हे रक्तातच. तुला ‘कुंदा, इकडे ये’ म्हणायची, जसं काही तू दुसऱ्या गावात बसली आहेस, आणि तुझं टेबल माझ्या टेबलाला चिकटलेलं. चारचौघांत तू मला ‘मंगला मॅडम’ म्हणायचीस आणि डबा उघडला की ‘मंगले’. मला त्यातलं दुसरं जास्त आवडायचं, पण ते कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

बाहेरचं सॉफ्टवेअर घ्यायचंच कशाला, असं माझं म्हणणं. मी स्वतः एक लिहिलं होतं. यवतमाळला एक कळ दाबायची, की इथून प्रत्येक मशीनला हाक जाणार आणि आठ आज्ञा एकामागून एक सुटणार. हे थांबव, ते सुरू कर, ही ओळ जोड, अमुक पत्ता लाव. आठ आज्ञा, आणि लिहिणारी मी, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं होतं ‘मंगलाष्टक’. आता नातीला हे सांगितलं तर ती लोळण घेऊन हसते. तेव्हा मात्र मी हे नाव गंभीर चेहऱ्यानं संचालक मंडळापुढे वाचलं होतं.

तुझी पसंती वेगळी. तुझं फुकटात मिळणारं, परदेशातल्या कुण्या चार टाळक्यांनी लिहिलेलं. त्याची रीत उलटी. प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा कारभारी बसवायचा. तो अधूनमधून आपणहून यवतमाळला विचारणार, ‘मी कसं असायला पाहिजे?’ उत्तर घेणार, स्वतःकडे पाहणार आणि जेवढं चुकलंय तेवढंच सुधारणार.

“म्हणजे हुकूम आपण द्यायचाच नाही?” मी.

“हुकूम कायले पाह्यजे? कसं असाव लागते ते सांगून ठेवायचं. ज्याले जाग येईन तो पुसीन.”

“आणि नाहीच विचारलं त्यानं तर?”

“तं समजायचं का त्याच्या घरी लाईन नाई. तू इथून बोंबलली तरी तो आयकनार हाय काय?”

“कुंदा, शिस्त नावाची काही गोष्ट असते.”

“हाय ना. राजूरले खाणीचा भोंगा वाजे, मंगले. माहा बाप जाये भोंग्यावर. पन भोंगा वाजला म्हनून आजारी मानूस उठत नाई.”

मी तुला फाइल आणायला पाठवलं. फाइल माझ्याच टेबलावर होती.

मग आले रोडगे. दर वर्षीप्रमाणे बाभुळगावजवळच्या एका शेतात संस्थेचं जेवण. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे आणि मोठ्या गंजात वांग्याची भाजी. स्वयंपाकाची सूत्रं अर्थातच माझ्याकडे. घरी मी चहासुद्धा धड करत नव्हते, पण सूत्रं हातात घ्यायला स्वयंपाक कुठे यावा लागतो? मी बाजेवर बसून फर्मान काढलं, “भाजीत मीठ टाका गं!” लेखा विभागाच्या बाईंनी टाकलं. मी पाच मिनिटांनी पुन्हा ओरडले, “मीठ टाकलं का? टाका!” तर गोदामातल्या एकीनं टाकलं. मग भाऊसाहेबांच्या सौभाग्यवती आल्या, त्यांनी माझा तिसरा हुकूम ऐकला आणि मोठ्या घरच्या हातानं मूठभर टाकलं.

त्या दिवशी लोकांनी रोडगे नुसत्या तुपाशी खाल्ले. भाजीचा गंज तसाच बाजूला. भाऊसाहेब तिसऱ्यांदा पाणी मागत होते. आणि तू माझ्याजवळ येऊन बसलीस, हसू दाबायचा जराही प्रयत्न न करता.

“हे पाह्य मंगले, हेच तुयं मंगलाष्टक.”

“काय संबंध?”

“तू म्हनते ‘मीठ टाक’. जितकेदा म्हनशीन तितकेदा पडनार. माह्यावालं म्हनते, ‘भाजी चवीची असाव लागते.’ येनारा आधी चाखते. कमी असलं तं टाकते. बरोबर असलं तं हात आवरते. शंभरदा आला तरी भाजी खारट होत नाई.”

अख्ख्या नागपूरच्या प्रशिक्षणात मला जे कळलं नव्हतं ते एका खारट गंजाशेजारी बसून कळलं. कळलं म्हणजे पटलं असं नाही. मी म्हटलं, “यंत्राला जीभ नसते.” आणि उठले. रुबाब होता ना.

मग पैज. निम्मी केंद्रं माझ्याकडे, निम्मी तुझ्याकडे. भाऊसाहेब स्वतः बघायला आले. मी चष्मा चढवला, कळ दाबली आणि जरा मागे सरकले, पडदा उघडताना नाटकातली माणसं सरकतात तशी. पडद्यावर एकेक उत्तर येऊ लागलं. संपर्क नाही. संपर्क नाही. झाले. संपर्क नाही. त्या वेळी कुठल्या तालुक्यात कधी भारनियमन असतं ते जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला पाठ होतं. माझ्याच लक्षात नव्हतं, कारण कचेरीत जनरेटर होता.

भाऊसाहेब म्हणाले, “मॅडम, मंगलाष्टकं छान झाली. पण वऱ्हाड नाही आलं.”

तुझ्या पडद्यावर तर त्या वेळी काहीच नव्हतं. तू फुटाण्याची पुडी सोडलीस. “बसा साहेब. येतेत. लाईन आली का येतेत.” आणि आले गं. दुपारी एक, मग दोन, मग चहाच्या वेळी बरेचसे. जिथं वीज येई तिथला सर्व्हर डोळे चोळत उठे आणि यवतमाळला विचारी. राजूर सगळ्यात शेवटी आलं. तू पडद्याला म्हणालीस, “आली वं माही माय!” आणि भाऊसाहेबांनी उरलेले फुटाणे खाल्ले.

मी तरीही हार मानली नसती. पण माझ्या वाट्याच्या बाभुळगावला निराळंच झालं होतं. तिथली वीज दिवसभर ये-जा करत होती, म्हणून मी हट्टानं पुन्हा पुन्हा कळ दाबत राहिले. माझ्या आठ आज्ञांतली एक होती, ‘ही ओळ जोड’. प्रत्येक वेळी ओळ जोडली गेली. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच वाक्य: दोन औषधे एकत्र मिसळू नका. दोन औषधे एकत्र मिसळू नका. दोन औषधे... पडदाभर. तिथल्या बाईंनी फोन केला. एक म्हातारे आजोबा बराच वेळ पडद्यासमोर उभे राहून म्हणाले होते, “इतकेदा नाई म्हनून राह्यले, म्हंजे मिसळल्यावर नक्कीच काईतरी जोरदार होत असन.”

हसलो आपण त्या वेळी. पण फोन ठेवल्यावर तू म्हणालीस, “हे आजोबा तिथंच बोलले म्हनून बरं. घरी जाऊन मिसळलं असतं तं?”

मी तुझ्या सॉफ्टवेअरच्या कागदावर सही केली. खालचं वाक्य माझं होतं, ‘तातडीच्या सूचनेसाठी हाक मारण्याची सोय ठेवावी.’ ते वाचून तू चिडलीस आणि तिथून जे भांडण सुरू झालं ते गेल्या महिन्यापर्यंत चाललं.

माझं म्हणणं आजही तेच आहे, कुंदे. सर्व्हरला जाग येईल, तो विचारेल, मग त्याला सांगू, हे रोजच्या गोष्टींना ठीक. पण आज सकाळी एखाद्या औषधात खोट सापडली, तर? तो विचारेल तेव्हा सांगू म्हणून बसायचं? तू म्हणायचीस, “तातडी हाय तं फोन उचल. त्या रेखाले सांग, त्या शांताबाईले सांग. मानसं कायले ठेवली केंद्रात? मशीनच्या गळ्यात घंटा नको बांधू.” मी म्हणायची, फोन लागला नाही तर. तू म्हणायचीस, मंग तुयी हाक तरी कशी लागन वं? बरोबर होतं तुझं. पण अर्धंच. अर्धं माझं होतं, आणि ते मी सोडणार नाही. तू नाहीस म्हणून मी काही हे भांडण जिंकलेय असं समजणार नाही. जिंकायला समोर कुणी लागतं.

तू काही चुकत नव्हतीस असंही नाही, हे शोकसभेत कुणीच बोललं नाही. तुझी ती एक चूक विसरलीस? तू एक अक्षर चुकीचं लिहिलंस आणि जसजशी वीज आली तसतसा एकेक सर्व्हर गुणी बाळासारखा येऊन ती चूक घेऊन गेला. जिल्हाभरातले प्रिंटर मुके. मी तुला म्हटलं, “माझी चूक निदान लोडशेडिंगमुळे अर्ध्याच जिल्ह्यात जायची!” त्या दिवशी मी इतकी खूश होते की तुझ्यासाठी जिलेबी आणली. तूही खाल्लीस, निर्लज्ज. आणि खाता खाता ठरवलंस की यापुढे कुठलाही बदल आधी एकट्या राजूरला द्यायचा. तिथं एक दिवस मुरू द्यायचा, मग बाकीच्यांना. मी विचारलं, “राजूरच का? तुझं माहेर ना ते?”

“म्हनूनच. बिघडलं तं शिव्या घरच्याच खाव लागतीन. लोकायच्या पोटावर कायले प्रयोग?”

पहिल्या फवारणीच्या आत केंद्रं एका सुरात बोलू लागली. कुलूप लागलं नाही. केळापूरची ती बाई दिवाळीनंतर पुन्हा आली, दुसऱ्याच कामाला. तू तिला खुर्ची दिलीस. ती म्हणाली, “आता सालबी बरोबर येते बाई कागदावर.” बस्स. एवढंच. पण त्या संध्याकाळी तू मला बसस्टँडपर्यंत चालत सोडायला आलीस आणि वाटेत एकदाही माझी टिंगल केली नाहीस. मला जरा काळजीच वाटली होती.

मग आपण निवृत्त झालो. तेव्हापासून तुझा फोन रोज सकाळी यायचा. जाग आली की पहिला मला. “हं मंगले, काय हुकूम?” कुंदे, इतकी वर्षं मी कधी तुला फोन केला नाही. गरजच पडली नाही, तूच विचारायचीस. हुकूम सोडण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला रोज कुणीतरी आपणहून हुकूम विचारावा, यापेक्षा मोठी थट्टा आणि यापेक्षा मोठं प्रेम मला माहीत नाही. दवाखान्यातूनही केलेस तू फोन. आवाज खाली गेला होता. एकदा फोन आला दुपारी. मी रागावले, “इतका उशीर?” तू म्हणालीस, “लाईन नव्हती वं.”

मी त्यावर हसले. हसून फोन ठेवला. काहीतरी आणखी बोलायला हवं होतं, ते राहिलं. काय ते नेमकं अजून सापडत नाही. सापडलं तरी तू म्हणशील, बोलून कायले खारट करते.

आता सकाळी फोन वाजत नाही. पहिले काही दिवस मी त्याच्याकडे पाहत बसायची, पैजेच्या दिवशी भाऊसाहेब तुझ्या पडद्याकडे पाहत होते तशी. येतेत, लाईन आली का येतेत. मग एका सकाळी मीच उचलला आणि तुझ्या प्रज्ञाला लावला. तिला म्हटलं, “बाई, काय हुकूम?” मग ती म्हणाली, “मावशी, आईच्या साड्यांचं काय करायचं ते सांगायला या.” तेव्हापासून रोज मी विचारते. माझ्या वयाला नवी रीत शिकणं जड जातं, पण इतकी वर्षं एका उस्तादाजवळ बसले आहे मी.

परवा कचेरीत गेले होते. आता तिथं सगळी नवी मुलं. सॉफ्टवेअर दुसरं, सल्ला फोनवर जातो, सर्व्हर कुठल्या कुठे. ही मुलं आपल्याला ओळखत नाहीत. मी कोपऱ्यात बसून चहा पीत होते. एका मुलीनं काहीतरी बदल तयार केला आणि बटण दाबायला गेली, तर पलीकडून दुसरी न बघताच म्हणाली, “चाखलं का?” “चाखलं, चाखलं.” मी विचारलं, “बाळा, हे चाखलं म्हणजे काय गं?” ती म्हणाली, “असंच म्हणतात इथं, आजी. आधीपासून म्हणतात.”

कोण म्हणायचं ते मी तिला सांगितलं नाही. तुला नावाची हौस नव्हती आणि मला ते एकटीनं जपून ठेवायचं होतं. स्वार्थी आहे मी, माहीतच आहे तुला.

आणि काल तुझा जलदान विधी. वंदना झाली, पंचशील झालं, भिक्खूंनी पाणी सोडलं. मागच्या अंगणात जेवणाची तयारी, गंजात वांग्याची भाजी. तुझ्या घरची माणसं मला कामाला हात लावू देत नव्हती, म्हातारी म्हणून. खुर्ची दिली होती मला. मी ती भाजीजवळ ओढून घेतली. प्रज्ञा पाठमोरी उभी होती. कुणाचं लक्ष नाही असं पाहून मी मिठाच्या भांड्यात हात घातला आणि न चाखता एक चिमूट भाजीत टाकली. मुद्दाम.

“काहून वं मावशी! चाखलं काय आधी?”

कुंदे गं! तोच आवाज. तीच कमरेवर हात ठेवायची रीत. मी मान वर केली नाही.

म्हटलं, “नाही चाखलं.”

“मंग चाखा आता!” तिनं पळीभर रस्सा माझ्या तळहातावर ओतला.

चाखला. बरोबर होता.